पॉइंट ते पिक्सेल: छापील मराठी मजकुराची मापे पडद्यावर नेताना आणि परत आणताना

छापील पुस्तकाची मांडणी संकेतस्थळावर न्यायची असो, वा संकेतस्थळावरच्या लेखांचे पुस्तक करायचे असो, काम करणाऱ्यासमोर पहिला प्रश्न हाच येतो की तेरा पॉइंट म्हणजे किती पिक्सेल. उत्तर एका ओळीचे आहे. पॉइंटांना ४ ने गुणून ३ ने भागले की पिक्सेल मिळतात, आणि पिक्सेलांना ३ ने गुणून ४ ने भागले की पॉइंट मिळतात. १३ पॉइंटांचे १७.३३ पिक्सेल होतात आणि १८ पिक्सेलांचे १३.५ पॉइंट होतात. हा हिशेब अचूक आहे. तरीही केवळ त्याच्यावर विसंबून पडद्यावर उतरवलेले मराठी पान बहुधा मूळ पानासारखे दिसत नाही, कारण छापील मांडणीतले सगळे आकडे एकाच जातीचे नसतात. काही खरोखरच लांबीची मापे असतात आणि काही लांबीच्या वेशात लिहिलेली गुणोत्तरे असतात. लांबीचे माप गुणकाने बदलायचे असते; गुणोत्तर मात्र बदलायचेच नसते, ते जसेच्या तसे न्यायचे असते. पुढची सगळी कृती या एका भेदावर उभी आहे.

हाताशी ठेवायचे आकडे

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, ६ पायका, ७२ पॉइंट आणि संकेतस्थळांची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतले ९६ पिक्सेल. यातूनच बाकीचे सर्व निघते. एक पायका म्हणजे १२ पॉइंट, म्हणजेच १६ पिक्सेल. आणि १६ पिक्सेल हाच बहुतेक ब्राउझरांचा मजकुराचा मूळ आकार असल्यामुळे, ज्या पानावर अक्षराचा आकार मुद्दाम ठरवलेला नाही तिथला मजकूर हिशेबाने १२ पॉइंटांचा असतो. एक पॉइंट ०.३५३ मिलिमीटरचा, तर एक मिलिमीटर २.८३५ पॉइंटांचा किंवा ३.७८ पिक्सेलांचा भरतो. ए-५ आकाराचा कागद १४८ × २१० मिलिमीटरचा असतो. त्याचे पॉइंटांत सुमारे ४१९.५ × ५९५.३ आणि पिक्सेलांत सुमारे ५५९.४ × ७९३.७ होतात.

७२ आणि ९६ हे दोन आकडे निसर्गातून आलेले नाहीत. १९८४ साली बाजारात आलेल्या पहिल्या मॅकिन्टॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके होते, त्यामुळे तिथे एक पॉइंट म्हणजे बरोबर एक पिक्सेल असे सोयीचे नाते होते. अडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट या छापायच्या पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेनेही इंचाचे ७२ भाग हाच पॉइंट धरला आणि डीटीपीच्या सगळ्या प्रणालींत तो रूढ झाला. विंडोजने मात्र पडद्यासाठी इंचाला ९६ ठिपके गृहीत धरले, आणि पुढे सीएसएसने तेच प्रमाण कायमचे बांधून टाकले. म्हणूनच जुन्या मॅकवर काम केलेल्या माणसाला पॉइंट आणि पिक्सेल एकच वाटतात आणि इतरांना वाटत नाहीत. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

‘पॉइंट’ आणि ‘एम’ कोणता, हे आधी विचारावे

रूपांतर सुरू करण्यापूर्वी समोरच्या कागदावर किंवा फाइलीत लिहिलेले एकक नेमके कोणते आहे, याची खात्री करून घेतली पाहिजे, कारण एकाच नावाची वेगवेगळी एकके वापरात आहेत.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईतला पॉइंट आजच्या पॉइंटाहून किंचित लहान होता. १८८६ साली अमेरिकेतल्या टाइप ओतणाऱ्या कारखान्यांनी स्वीकारलेला आणि नंतर इंग्लंडमधून आपल्याकडेही आलेला हा पॉइंट ०.०१३८३७ इंचाचा असून इंचात असे सुमारे ७२.२७ पॉइंट बसतात. रोजच्या कामात हा फरक कोणाच्या डोळ्याला दिसत नाही. मात्र जुन्या पुस्तकाची हुबेहूब प्रत काढायची असेल आणि मूळ प्रेसच्या नोंदीतले आकडे आजच्या प्रणालीत तसेच भरले, तर ५०४ पॉइंट उंचीच्या मजकुरात सुमारे दोन तृतीयांश मिलिमीटरचा फरक पडतो आणि मूळ पानावर ठेवलेले नवे पान तळाशी जुळत नाही. टेक् आणि लाटेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालींत आजही साधा पॉइंट हा जुनाच आहे. इंचाला ७२ असणारा पॉइंट तिथे ‘बीपी’ या वेगळ्या नावाने मिळतो. युरोपातला दिदो पॉइंट सुमारे ०.३७६ मिलिमीटरचा, म्हणजे बराच मोठा. जर्मन किंवा फ्रेंच जुन्या छपाईशी संबंध येत नसेल तर त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

‘एम’चा घोळ अधिक महाग पडतो. प्रेसमध्ये ओळीची रुंदी ‘२४ एम’ अशी सांगितली जाई तेव्हा तो पायका एम असे, म्हणजे २४ × १२ = २८८ पॉइंट, बरोबर ४ इंच. अक्षर कितीही मोठे किंवा लहान असले तरी ही रुंदी बदलत नसे. सीएसएसमधला एम मात्र त्या त्या मजकुराच्या अक्षराच्या आकाराएवढा असतो. जुन्या कागदावरचे ‘२४ एम’ हे शब्द तसेच सीएसएसमध्ये लिहिले आणि अक्षर १८ पिक्सेलांचे असले, तर ३८४ पिक्सेलांऐवजी ४३२ पिक्सेलांची ओळ मिळते. जुना एम आधी पॉइंटांत आणावा आणि मगच पुढे न्यावा.

आयफोनच्या ॲपचा आराखडा करणारी व्यक्ती ‘१७ पॉइंट’ म्हणते तेव्हा तो आणखी वेगळाच पॉइंट असतो. व्यवहारात तो सीएसएसच्या एका पिक्सेलाएवढा धरावा, त्याला ४/३ ने गुणू नये. फोटोशॉपमध्ये पॉइंट खरा असतो, पण त्याचे पिक्सेल फाइलीच्या रिझोल्यूशनवर अवलंबून असतात: ७२ पीपीआयच्या, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेलांच्या, फाइलीत १२ पॉइंटांचे अक्षर १२ पिक्सेलांचे, तर ३०० पीपीआयच्या फाइलीत तेच ५० पिक्सेलांचे. फोटोशॉपमधला पॉइंटांचा आकडा पाहून संकेतस्थळावरचे माप ठरवू नये, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे वाद टळतात.

एका डेमी पुस्तकाचे उदाहरण

आता प्रत्यक्ष कृती पाहू. समजा, डेमी आकाराचे, म्हणजे ५.५ × ८.५ इंचांचे एक मराठी पुस्तक आहे. मजकूर १३ पॉइंटांचा असून एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंतचे अंतर, म्हणजे लेडिंग, १८ पॉइंट आहे. ओळीची रुंदी ४.२५ इंच आहे. पानावर २८ ओळी आहेत. प्रकरणाचे शीर्षक २४ पॉइंटांत ३० पॉइंटांच्या अंतराने, तळटीप १० पॉइंटांत, आणि परिच्छेदाची पहिली ओळ १३ पॉइंट आत आहे.

सरळ गुणक लावला तर मजकूर १७.३३ पिक्सेल, ओळींतले अंतर २४, ओळीची रुंदी ४०८, शीर्षक ३२, तळटीप १३.३३ आणि पहिल्या ओळीची आत सरक १७.३३ पिक्सेल येते. आकडे बरोबर आहेत; पण ते असे सुटे सुटे लिहून ठेवले की, उद्या मजकूर थोडा मोठा करावा असे वाटले तर सहाच्या सहा जागी पुन्हा हिशेब करावा लागतो, आणि एखादी जागा विसरली की मांडणीचा तोल जातो. शिवाय ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर ४०८ पिक्सेलांची ओळ मावतच नाही.

म्हणून यातले एकच माप, मजकुराचा मूळ आकार, लांबी म्हणून ठेवावे आणि बाकी सर्व त्याच्याशी असलेल्या गुणोत्तरात लिहावे. ओळीची रुंदी ३०६ पॉइंट. तिला १३ ने भागले की २३.५४ एम. ओळींतले अंतर १८ ÷ १३ = १.३८५. शीर्षक २४ ÷ १३ = १.८४६ एम, आणि त्याच्या ओळींतले अंतर त्याच्याच आकाराशी ३० ÷ २४ = १.२५. तळटीप १० ÷ १३ = ०.७६९ एम. आत सरक १ एम. हे भागाकार करताना पिक्सेलांची आठवणही काढावी लागत नाही, कारण पॉइंटाला पॉइंटाने भागल्यावर एकक उरतच नाही. पुस्तक रचणाऱ्याने खरे ठरवलेले असते ते हेच. आपल्याला ते पॉइंटांत दिसते, कारण प्रणालीत भरण्याची रीतच तशी आहे.

ओळीची रुंदी लिहिताना ती ठाम रुंदी म्हणून न लिहिता कमाल रुंदी म्हणून लिहावी. मोठ्या पडद्यावर ओळ पुस्तकाएवढीच राहते आणि फोनवर आपोआप आखूड होते. ओळींतले अंतर नेहमी एककाविना, नुसत्या आकड्याने लिहावे. तेच ‘२४ पिक्सेल’ किंवा ‘१.३८५ एम’ असे लिहिले तर मजकुरासाठी मोजलेली लांबी वारशाने शीर्षकालाही मिळते, आणि ३२ पिक्सेलांचे दोन ओळींचे शीर्षक २४ पिक्सेलांच्या अंतरात कोंबले जाऊन वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. नुसता आकडा लिहिला की प्रत्येक ठिकाणी तिथल्या अक्षराच्या आकाराने गुणाकार होतो.

मूळ आकार स्वतः मात्र रेम या एककात लिहावा. रेम म्हणजे ब्राउझरमध्ये ठरलेला मूळ आकार. वाचकाने काही बदल केलेला नसेल तर १६ पिक्सेल. म्हणजे पिक्सेलांना १६ ने भागायचे: १८ पिक्सेल म्हणजे १.१२५ रेम. हे केवळ सोयीसाठी नाही. ज्या वाचकाने डोळ्यांच्या त्रासामुळे आपल्या ब्राउझरमध्ये अक्षर मोठे करून ठेवले आहे, त्याची ती निवड रेममध्ये लिहिलेला आकार मानतो आणि पिक्सेलांत लिहिलेला आकार धुडकावतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून मुळाचाच आकार ६२.५ टक्के करून एक रेम म्हणजे १० पिक्सेल बनवण्याची एक युक्ती प्रचलित आहे. १६ ने भागण्याचे श्रम वाचवण्यासाठी पानावरच्या प्रत्येक घटकाचा आकार पुन्हा लिहीत बसणे हा काही फायद्याचा सौदा नव्हे.

तेरा पॉइंट, पण कोणत्या फॉन्टचे?

देवनागरीत पॉइंटांचा आकडा अक्षराच्या उंचीबद्दल फार थोडे सांगतो. खिळ्याच्या काळात पॉइंट हे अक्षराचे नव्हे, तर अक्षर ज्या धातूच्या ठोकळ्यावर असे त्याचे माप होते. संगणकातही फॉन्टचा आकार म्हणजे अशा एका अदृश्य चौकटीचा आकार असतो. त्या चौकटीत शिरोरेषेपासून तळापर्यंतचे अक्षर किती उंच काढायचे आणि वरच्या मात्रा-रफारांना व खालच्या उकारांना किती जागा ठेवायची, हे प्रत्येक अक्षररचनाकार आपापल्या मताने ठरवतो. विंडोजमधले मंगल आणि कोकिळा हे दोन फॉन्ट एकाच आकारात शेजारी ठेवून पाहावेत. कोकिळातले अक्षर इतके लहान दिसते की आकार एकच आहे यावर विश्वास बसत नाही. पुस्तक श्रीलिपीच्या एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेले असेल आणि संकेतस्थळासाठी मजकूर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या संकेतप्रणालीत आणून मुक्ता, शोभिका किंवा तिरो देवनागरी मराठी यांपैकी एखादा फॉन्ट घ्यायचा असेल, तर फॉन्ट बदलणे अटळच आहे, आणि मग १३ पॉइंटांचे १७.३३ पिक्सेल हे समीकरण चौकटीपुरतेच खरे राहते.

यावर उपाय साधा आहे. छपाईच्या प्रणालीत पुस्तकाच्या फॉन्टमध्ये १०० पॉइंटांचा ‘न’ टंकावा, त्याची बाह्यरेषा करून घ्यावी आणि शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून काना जिथे संपतो तिथपर्यंतची उंची पॉइंटांत मोजावी. संकेतस्थळाच्या फॉन्टमध्येही हेच करावे. समजा, पहिली उंची ५८ आणि दुसरी ६४ भरली. मग पुस्तकातल्या १३ पॉइंटांच्या अक्षराएवढेच उंच अक्षर नव्या फॉन्टमध्ये मिळवायला १७.३३ × ५८ ÷ ६४, म्हणजे १५.७ पिक्सेल पुरतील. मात्र चौकट लहान झाली म्हणून ओळींमधली जागा लहान करायची नाही. मूळ २४ पिक्सेलांचे अंतर कायम ठेवायचे, तर १.३८५ या गुणोत्तराला ६४ ÷ ५८ ने गुणून १.५२८ करावे लागते, आणि ओळीची रुंदी २३.५४ एमऐवजी सुमारे २६ एम होते. शीर्षक, तळटीप आणि मजकूर एकाच फॉन्टमध्ये असतील तर त्यांची आपसातली गुणोत्तरे तशीच राहतात.

रोमन लिपीसाठी सीएसएसमध्ये दोन फॉन्टांतली ही तफावत आपोआप भरून काढण्याची एक सोय आहे. पण ती मुळात इंग्रजी लहान अक्षराच्या, म्हणजे ‘एक्स’च्या, उंचीवर चालते. देवनागरी फॉन्टमध्ये रोमन अक्षरे असली तरी त्यांची उंची शिरोरेषेच्या उंचीशी ठरावीक प्रमाणात असेलच असे नाही. तेव्हा ‘न’ मोजणे हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि त्याला पाच मिनिटे पुरतात.

ओळींतल्या अंतराचे तीन वेगळे अर्थ

छपाईतून पडद्यावर येताना सर्वांत जास्त गोंधळ आकारात नव्हे, तर ओळींतल्या अंतरात होतो, कारण प्रत्येक प्रणाली ते वेगळ्या पायावर मोजते. इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या प्रणालीत पॉइंटांचा आकडा स्वतः दिला नाही तर अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के धरले जातात. १३ पॉइंटांना १५.६. रोमन लिपीला हे चालून जाते. मराठीत मात्र ‘अद्भुत’मधल्या जोडाक्षराखालच्या उकाराच्या बरोबर खाली ‘धर्मीं’सारखा रफार आणि अनुस्वार आला की टक्कर होते. म्हणून आयत्या १२० टक्क्यांवर सोडलेली फाइल हाती आली, तर तिचे रूपांतर करण्याआधी ती दुरुस्त करावी. वाईट मांडणी अचूकपणे पडद्यावर नेण्यात काही अर्थ नाही.

वर्डमध्ये ‘१.१५’ असा आकडा दिसतो तो अक्षराच्या आकाराचा पट नसतो, तर फॉन्टने स्वतःमध्ये नोंदवलेल्या ओळीच्या उंचीचा पट असतो. देवनागरी फॉन्टांत ही उंची अक्षराच्या आकारापेक्षा बरीच मोठी असते. समजा एखाद्या फॉन्टची स्वतःची उंची आकाराच्या दीडपट आहे. तर वर्डमधले १.१५ म्हणजे सीएसएसमधले १.७२५ होतात. वर्डमधला आकडा सीएसएसमध्ये तसाच लिहिला तर पान गुदमरते, आणि लिहिणाऱ्याला वाटते की ब्राउझरच मराठी नीट दाखवत नाही. ज्यांच्याकडे फक्त वर्डची फाइल आहे त्यांनी एका पानाची छपाई काढून दहा ओळींच्या तळांमधले एकूण अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावे. पहिल्या ओळीपासून अकराव्या ओळीपर्यंत. ६३.५ मिलिमीटर भरले तर एका ओळीला ६.३५ मिलिमीटर, म्हणजे १८ पॉइंट. एकच अंतर मोजण्यापेक्षा दहा मोजून भागणे कितीतरी अचूक ठरते.

सीएसएसचा पट हा थेट अक्षराच्या आकाराचा पट असतो, म्हणून तो तिघांत सर्वांत सरळ आहे. मात्र त्यात ‘नॉर्मल’ हा पर्याय ठेवला तर ब्राउझर पुन्हा फॉन्टच्याच नोंदीकडे वळतो, आणि फॉन्ट बदलला की सगळे पान वर-खाली होते. मराठी मजकुरासाठी तो पर्याय कधीही सोडून ठेवू नये.

पिक्सेल खरोखर केवढा?

आतापर्यंतच्या हिशेबात सीएसएसचा पिक्सेल इंचाचा ९६ वा भाग धरला. कागदावर छापताना तो तसाच असतो. पडद्यावर मात्र तो तसा असेलच असे नाही, आणि हे दोष म्हणून नव्हे तर मुद्दाम केलेले आहे. सीएसएसमधला आदर्श पिक्सेल हा हातभर अंतरावरून, म्हणजे २८ इंचांवरून किंवा सुमारे ७१ सेंटिमीटरांवरून, इंचाचा ९६ वा भाग डोळ्याशी जेवढा कोन करतो त्या कोनाने ठरवलेला आहे. फोन जवळ धरला जातो, म्हणून त्याचा पिक्सेल प्रत्यक्षात लहान असतो. प्रक्षेपकाच्या पडद्यावर तो मोठा असतो. अनेक फोनांवर एका खऱ्या इंचात १५० ते १६० सीएसएस पिक्सेल बसतात. इंचाला १६० धरले तर १७.३३ पिक्सेलांचे अक्षर फोनवर पट्टीने मोजल्यास जेमतेम ७.८ पॉइंटांचे भरते. सीएसएसमध्ये ‘१ इंच’ लिहून फोनवर पट्टी लावणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

वाचण्याच्या अंतराचा हिशेब मग असा करता येतो. अंतर जितक्या पट, तितक्या पट अक्षर मोठे लागते. पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरले आणि मेजावरचा पडदा ६० सेंटिमीटरवर असला, तर १३ पॉइंटांसारखे दिसायला पडद्यावर खरे १९.५ पॉइंट हवेत. इंचाला ९६ ठिपक्यांच्या पडद्यावर त्याचे २६ पिक्सेल होतात. फोन ३० सेंटिमीटरवर धरला तर ९.७५ पॉइंट पुरतात, आणि इंचाला १६० पिक्सेलांच्या हिशेबाने ते सुमारे २१.७ पिक्सेल होतात. दोन्ही आकडे १७.३३ पेक्षा मोठे आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे: शुद्ध गणिती रूपांतराने केलेला मराठी मजकूर लहान दिसतो अशी जी नेहमीची तक्रार असते, तिचे मूळ इथे आहे.

मी स्वतः पुस्तकाच्या १३ पॉइंटांसाठी २० पिक्सेल हा पाया धरतो आणि मग फॉन्टची दुरुस्ती करतो. वरच्या उदाहरणात २० × ५८ ÷ ६४ म्हणजे सुमारे १८ पिक्सेल, अर्थात १.१२५ रेम. ओळींतले अंतर १.५३, कमाल रुंदी २६ एम म्हणजे ४६८ पिक्सेल, शीर्षक १.८५ एम म्हणजे सुमारे ३३ पिक्सेल. तळटीप मात्र गुणोत्तराप्रमाणे ०.७७ एम, म्हणजे १४ पिक्सेलांच्याही खाली जाते. तिथे मी नियम मोडून ०.८५ एम करतो, कारण कागदावर १० पॉइंटांची जोडाक्षरे शाईने स्वच्छ उमटतात, तर साध्या पडद्यावर ‘ष्ट्य’ आणि ‘द्ध्य’ यांच्या पोटातली पांढरी जागा त्या आकारात भरून जाते. रेघांचेही तसेच. छपाईतली पाव पॉइंटाची बारीक रेघ म्हणजे एक तृतीयांश पिक्सेल. साध्या पडद्यावर ती एक पूर्ण पिक्सेल होऊन जाड दिसते. अशी रेघ बारीक करण्याच्या मागे न लागता तिचा रंग फिका करावा.

दशांश चिन्हापुढचे आकडे हिशेब पूर्ण होईपर्यंत कापू नयेत. १७.३३ चे आधी १७ केले आणि मग २३.५४ ने गुणले, तर ओळ आठ पिक्सेलांनी आखूड होते.

पडद्यावरून कागदावर

उलट दिशेचा हिशेब अक्षरांसाठी सोपा आहे, कारण ब्राउझरमधून छापताना सीएसएसचा पिक्सेल खराखुरा इंचाचा ९६ वा भाग होतो. १८ पिक्सेलांचा मजकूर कागदावर १३.५ पॉइंटांचा उमटतो, आणि पडद्यासाठी वाढवलेला आकार पुस्तकात थोडा थोराड दिसतो. म्हणून छपाईसाठी सीएसएसमध्ये स्वतंत्र नियम लिहावेत, त्यात मूळ आकार पॉइंटांत आणि समास मिलिमीटरमध्ये द्यावेत. बाकीचे सर्व एममध्ये असल्यामुळे त्याला हात लावावा लागत नाही.

चित्रांचा हिशेब याहून वेगळा आहे आणि त्यात ९६ चा संबंध येत नाही. चित्राच्या पिक्सेलांना छपाईच्या पीपीआयने भागले की इंच मिळतात. समाजमाध्यमासाठी केलेले १०८० × १०८० पिक्सेलांचे चित्र ३०० पीपीआयने छापले तर ३.६ इंचांचे, म्हणजे नऊ सेंटिमीटरांहून थोडे मोठे येते. दिवाळी अंकाच्या पूर्ण पानासाठी ते ताणले तर फाटल्यासारखे दिसणारच. वर्तमानपत्रात जाहिरातीची जागा सेंटिमीटरमध्ये मोजतात, तेव्हा आधी २.५४ ने भागून इंच काढावेत. ८ × १२ सेंटिमीटरांच्या जाहिरातीला ३०० पीपीआयने ९४५ × १४१७ पिक्सेल लागतात, पण वर्तमानपत्राच्या कागदावरची छपाईच्या ठिपक्यांची जाळी जाड असल्यामुळे २०० पीपीआय, म्हणजे ६३० × ९४५ पिक्सेलही बहुधा पुरतात.

चौकातल्या फ्लेक्सचे माप फुटांत असते. तो दुरून पाहायचा असल्याने खऱ्या आकारात ७२ पीपीआय चालतात: ६ × ४ फुटांना ५१८४ × ३४५६ पिक्सेल. फाइल एका फुटाला एक इंच अशा प्रमाणात केली असेल तर पिक्सेल तेवढेच ठेवावेत; त्या लहान फाइलीत रिझोल्यूशन बारापट, म्हणजे ८६४ पीपीआय दिसेल आणि ते बरोबर आहे. अक्षरांनाही हेच प्रमाण लागू होते. फाइलीतला ७२ पॉइंटांचा मथळा फ्लेक्सवर एक फूट चौकटीचा होतो.

अंतिम पडताळणीसाठी पानाच्या एका कोपऱ्यात १०० मिलिमीटर लांबीची आडवी रेघ काढून ठेवावी आणि नमुना प्रत छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून प्रमाण १०० टक्के ठेवावे. छापलेल्या रेघेवर पट्टी लावल्यावर ९७ किंवा ९४ मिलिमीटर भरले, तर दोष रूपांतरात नसून प्रिंटरच्या त्या पर्यायात आहे, आणि तो सुधारल्याशिवाय एकाही पॉइंटाला हात लावू नये.